हातात घेतलेली वस्तू परत मांडणीवर कशी ठेवावी?

आठवी गल्ली

नमस्कार. गेल्या रविवारी मी एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांच्या खरेदीच्या सगळ्या पावत्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण केली. जी वस्तू ठरवून आणली होती तिच्यापुढे बरोबरची खूण केली, जी ठरवली नव्हती पण पुढे वापरात आली तिच्यापुढे टिंब दिले, आणि जी ठरवलीही नव्हती व आजतागायत वापरलीही नाही तिच्यापुढे फुली मारली. एकूण खरेदी ४१,३०० रुपयांची होती आणि त्यांतले ७,८५० रुपये फुल्यांचे होते. माझ्या मुलीच्या गाण्याच्या शिकवणीची वर्षाची फी यापेक्षा कमी आहे, त्यामुळे हा आकडा मनातून जात नाही.

फुल्यांमध्ये काय काय आहे तेही सांगते. झाकणाच्या तीन डब्यांचा संच, ज्याच्यासारखा संच फडताळात आधीच आहे. एकावर एक मोफत म्हणून घेतलेली पास्त्याची पाकिटे, जी आमच्या घरात कोणी खात नाही. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवर छत्री घ्यायला गेले असताना घेतलेले दोन कुर्ते. रात्री अकरा वाजता मोबाईलवरून मागवलेला भाज्या चिरण्याचा साचा.

मी यादी करून बाजारात जाते. दुकानदार कोणत्या युक्त्या करतात तेही मला साधारण ठाऊक आहे. तरीही वस्तू हातात आली की यादी पर्समध्ये राहते आणि वस्तू पिशवीत जाते. म्हणून माझा प्रश्न अगदी नेमका आहे : वस्तू हातात आहे, ती आवडली आहे आणि परवडण्यासारखीही आहे, त्या क्षणी आपण काय करता?

कपिलतीर्थ

मी दोन गोष्टी पाळते. बाजारात जेवूनच जाते, आणि एकच कापडी पिशवी नेते. दुकानातली चाकांची गाडी मी घेत नाही. पिशवीचे बंद बोटांना रुतू लागले की घरी निघायची वेळ झाली असे समजते.

बिंदू चौक

आठवी गल्ली ताई, माझ्या वडिलांचे लक्ष्मीपुरीत किराणा मालाचे दुकान होते आणि शाळकरी वयापासून पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे मी तिथे काउंटरमागे उभा राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे गिऱ्हाईक यादी देत असे आणि आम्ही ती वाचत एकेक जिन्नस तागडीत तोलून, कागदात बांधून, दोरा गुंडाळून पुढे सरकवत असू. मालाला हात लावू नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता; पण डाळीची पोती आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये एक लाकडी काउंटर होते आणि त्याच्यामागे आम्ही होतो. यादीबाहेरची वस्तू हवी असेल तर ती तोंडाने मागावी लागे, आणि मागताना माणूस स्वतःचे बोलणे स्वतः ऐकतो. कित्येक जण अर्ध्यावर थांबून ‘राहू दे’ म्हणत. शिवाय बहुतेकांचा हिशेब उधारीच्या वहीत असे, त्यामुळे ‘वहिनी, गेल्या शनिवारीच अर्धा किलो शेंगदाणे नेलेत’ असे वडील सहज सांगत. त्यात उपकाराची भावना नव्हती. वहीतली थकबाकी पुढे त्यांनाच वसूल करायची असे.

हे काउंटर कसे नाहीसे झाले ते मला दुकान बंद केल्यानंतर वाचनातून कळले. अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली पिगली विगली नावाचे दुकान काढले, ज्यात गिऱ्हाइकाने स्वतः मांडण्यांमधून फिरून माल उचलायचा होता. त्यांना नोकरांच्या पगाराचा खर्च कमी करायचा होता. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्वन गोल्डमन यांच्या लक्षात आले की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, म्हणून त्यांनी चाकांची गाडी बनवून घेतली. कपिलतीर्थ ताईंची बोटांना रुतणारी पिशवी बरोबर याच ठिकाणी काम करते, कारण गाडीने काढून घेतलेले वजन ती परत हातात देते.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की त्या क्षणावर फार भिस्त ठेवू नये. वस्तू हातात आल्यानंतर काय करावे, यापेक्षा ती सहज हातात येऊ नये याची व्यवस्था आधी करावी. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला फोनवरून यादी सांगा आणि माल घरी मागवा. महिन्याच्या किराण्यापुरते तरी काउंटर पुन्हा उभे राहील.

पन्हाळ्याचा वारा

बिंदू चौक काका, आपले लेखन मनापासून आवडले, तरी त्या काउंटरची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवी सून म्हणून मी ज्या पेठेत आले तिथल्या दुकानदाराला आमच्या घरात काय शिजते, कोण आजारी आहे आणि कोणाची उधारी किती आहे हे सगळे माहीत होते. सॅनिटरी पॅड मागताना दुकानातले चार पुरुष बाजूला होईपर्यंत मी उन्हात उभी राहत असे, आणि मग ती वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी चोरल्यासारखी हातात पडत असे. जिथे मला स्वतः हात घालून वस्तू घेता आली आणि कोणी काही विचारले नाही, त्या पहिल्या मोठ्या दुकानात मला फार मोकळे वाटले होते. तोंडाने मागावे लागणे हा काही जणांसाठी संयम असतो. काही जणींसाठी तो अडसर होता.

आणखी एक गोष्ट. अनावश्यक खरेदीचा विषय निघाला की उदाहरणे डब्यांची, साड्यांची आणि कुर्त्यांची येतात. आमच्या घरी मोटारसायकलचे जास्तीचे दिवे, दोन वर्षांत बदललेला मोबाईल आणि मित्रांसाठी ऐनवेळी ठरलेले तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण हा सगळा ‘खर्च’ असतो आणि माझे दोनशे रुपयांचे कानातले ही ‘उधळपट्टी’ असते. ताईंनी पावत्यांवर ज्या खुणा केल्या तशा घरातल्या प्रत्येकाच्या पावत्यांवर झाल्या पाहिजेत, तरच त्या हिशेबाला अर्थ आहे.

बिंदू चौक

पन्हाळ्याचा वारा ताई, आपले म्हणणे मान्य आहे. काउंटरमागे उभ्या असलेल्या मला समोरच्या बाईचा तो संकोच इतक्या वर्षांत एकदाही दिसला नाही, याचे आज वाईट वाटते.

सायली म.

माझे काम दिवसभर संगणकावर असते आणि माझी नको ती खरेदी दुकानात होत नाही, अंथरुणात होते. तिथे ना पिशवीचे वजन असते ना समोर कोणी माणूस असतो. म्हणून बिंदू चौक काकांचे काउंटर मी मोबाईलमध्ये उभे करायचे ठरवले. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्डाचा क्रमांक आणि यूपीआयची जोडणी काढून टाकली, त्यामुळे प्रत्येक वेळी उठून, पर्स शोधून सोळा आकडे टाकावे लागतात. सवलतींच्या सगळ्या सूचना बंद केल्या. आवडलेली वस्तू टोपलीत टाकून ठेवायची मुभा स्वतःला दिली आहे, पण पैसे फक्त रविवारी सकाळी भरायचे. रविवारपर्यंत टोपलीतल्या बऱ्याच वस्तूंचे मला काही वाटेनासे होते.

‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘सवलत संपायला नऊ मिनिटे’ या धमक्यांविषयीही लिहायला हवे, कारण अनेकांना त्या खऱ्या वाटतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाला न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी घालणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशा शब्दांत बटण लिहिणे, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर जादा शुल्क वाढवत नेणे, हे सगळे त्यांत येते. मी एकदा प्रवासाचे तिकीट काढताना न मागितलेला विमा माझ्या बिलात आला होता आणि मी तो न पाहताच पैसे भरले होते. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

उसाचा फड

मी कागल तालुक्यातला शेतकरी आहे. शहरातल्या पगारदारांची अडचण महिन्यागणिक येते, आमची बिलागणिक येते. साखर कारखान्याला ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत त्याने बिलाचे पैसे द्यावेत असा कायदा आहे. प्रत्यक्षात कधी वेळेवर मिळतात, कधी थांबावे लागते. पण ज्या दिवशी खात्यावर रक्कम जमा झाल्याचा मेसेज येतो, त्या दिवशी वर्षभर आवरलेले हात एकदम सुटतात. सोसायटीचे पीककर्ज बिलातूनच वळते झालेले असते, त्यामुळे उरलेले सगळे आपलेच आहे असे वाटते. खताची, मजुरीची आणि पुढच्या लागणीची रक्कम त्यातच दडलेली आहे हे त्या दिवशी कोणाला आठवत नाही. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः बिलाच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या पडद्याचा टीव्ही घेतला आणि भरणीच्या वेळी खतासाठी मेहुण्याकडून उसने घेतले.

तेव्हापासून घरात एक रीत ठेवली आहे. उसाचे बिल आले की पंधरा दिवस देणी भागवण्याखेरीज त्याला हात लावायचा नाही. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, ते सौभाग्यवतींच्या खात्यावर जाते आणि घरखर्च त्यातच बसवायचा. शिवाय रोज संध्याकाळी पिग्मी, म्हणजे रोजची लहान ठेव, गोळा करणारा मुलगा दारात येतो, त्याला शंभर रुपये द्यायचे. खिशात नोट राहिली नाही की चौकातल्या दुकानात आपसूक काही घेतले जात नाही. पिग्मी ही जुनी युक्ती आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली दारोदार जाऊन अगदी लहान रकमा गोळा करायला सुरुवात केली, आणि ती पद्धत आमच्या गावागावांतल्या पतसंस्थांनी उचलली.

हिशेबाची वही

उसाचा फड दादा, पिग्मीची सवय उत्तम आहे, पण एक सावधगिरी सांगते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. म्हणून पिग्मीची मुदत संपली की रक्कम तिथेच पडू न देता बँकेत वळवावी.

शाहूपुरीतला वर्ग

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. उसाच्या बिलाविषयी दादांनी जे लिहिले त्याला आमच्या विषयात ‘मानसिक हिशेब’ म्हणतात. रिचर्ड थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांच्या कामातला हा महत्त्वाचा भाग आहे : रुपया सगळीकडे सारखाच असला तरी मन त्याला वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते, आणि एकदम आलेल्या पैशाचा कप्पा रोजच्या कमाईच्या कप्प्यापेक्षा सैल असतो. पंधरा दिवस थांबल्याने ते पैसे ‘एकदम आलेले’ राहत नाहीत, म्हणून दादांची रीत लागू पडते.

पैसे कशाने दिले यानेही फरक पडतो. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या एमआयटीतल्या प्राध्यापकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली लावायला सांगितली. काहींना रोख पैसे द्यायचे होते आणि काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तिकिटे तीच होती. नोटा मोजून देताना होणारा थोडासा त्रास कार्डाने नाहीसा होतो, आणि आज क्यूआर स्कॅन करताना तो त्याहूनही कमी होतो असे माझे निरीक्षण आहे. मी महाद्वार रोडला जाताना ठरलेली रक्कम रोख नेतो आणि मोबाईल घरी ठेवतो.

हिशेबाची वही

सर, प्रयोगाबद्दल शंका नाही, पण माझा अनुभव उलटा आहे. रोख पैसे नेले की ते कुठे गेले हे मला आठवड्याने सांगता येत नाही. यूपीआयमुळे दहा रुपयांच्या चहाचीही नोंद राहते. मी एक स्वतंत्र खाते काढले, त्यात दर सोमवारी घरखर्चाचे अडीच हजार रुपये टाकते, आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडले आहे. पैसे संपले की व्यवहार होत नाही. रोखीची मर्यादा आणि वहीची नोंद अशा दोन्ही गोष्टी मला त्यातून मिळतात.

शाहूपुरीतला वर्ग

ही व्यवस्था माझ्यापेक्षा चांगली आहे. मीही करून पाहीन.

हुपरीकर

आमचे घराणे चांदीकामाचे, म्हणून विक्रेत्याच्या बाजूने थोडे लिहितो. न ठरवता घेतलेली प्रत्येक वस्तू वाया जाते असे नाही, आणि आठवी गल्ली ताईंनी टिंबाची वेगळी खूण ठेवली हे मला विशेष पटले. चार वर्षांपूर्वी मी भवानी मंडपाकडे दुसऱ्याच कामाला गेलो होतो आणि चप्पल लाईनमध्ये एका दुकानापुढे थांबलो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा वास, हाताने घातलेली शिवण, पायात घातल्यावर आलेली करकर! पैसे देऊन मी ते जोड घेऊन आलो. अधूनमधून तेल लावतो, पावसाळ्यात कापडात गुंडाळून ठेवतो, आणि आजही तेच वापरतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती बनवणाऱ्या कारागिराचे घर त्या एका जोडाच्या विक्रीवर चालते. मन आवरताना आपण नेमके हेच खर्च आधी कापतो आणि छापील सवलतीच्या मालाला मात्र फसतो, असे होऊ नये.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र मी उलट सांगेन. गुजरीत पाडव्याच्या किंवा धनत्रयोदशीच्या गर्दीत उभ्या उभ्या दागिना ठरवू नका. आधी साध्या दिवशी जाऊन वजन, घडणावळ आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहून ठेवा, आणि मुहूर्ताला फक्त पैसे देऊन घेऊन या.

रंकाळा

हा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि लिहू की नको असे होत होते. माझी गोष्ट फुल्यांच्या पलीकडची आहे. वडील गेल्यानंतरच्या वर्षात मी जवळजवळ रोज काहीतरी मागवत होतो. खोके दारात आले की दहा मिनिटे बरे वाटे, आणि पुढे पुढे मी ते उघडतही नसे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून छोटा आकडा असतो, तेवढाच भरत राहिलो. तेवढेच भरले की उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागते आणि नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते, हे मला चौदा महिन्यांनी कळले. तोपर्यंत देणे १,६२,००० रुपयांवर गेले होते.

बहिणीला सांगितले तेव्हा ती रागावली नाही. तिने कार्ड स्वतःकडे घेतले, बँकेशी बोलून थकबाकीचे कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर करून घेतले आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तिथे कळले की मी वस्तू विकत घेत नव्हतो, संध्याकाळचे रिकामे घर टाळत होतो. आता त्या वेळी रंकाळ्याला एक फेरी मारतो. ज्यांना खोके उघडावेसेही वाटत नसेल त्यांनी यादीत आणि पिशवीत वेळ न घालवता कोणाशी तरी बोलावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.

कपिलतीर्थ

रंकाळा दादा, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. संध्याकाळी पाचनंतर मीही पद्माराजे उद्यानाच्या बाजूने फिरत असते. आपल्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

पन्हाळ्याचा वारा

मूळ प्रश्न मागे पडला आहे असे वाटते. आपण सगळ्यांनी वस्तू हातात येण्याआधीचे उपाय सांगितले. ताईंनी विचारले होते की वस्तू हातात आहे, आता काय? मी काय करते ते सांगते. मी ती वस्तू घेऊन दुकानातल्या कोपऱ्यात जाते आणि घरातली तिची जागा डोळ्यांसमोर आणते : कोणते फडताळ, कोणता कप्पा, तिथे आत्ता काय आहे. तिथे काही नसेल तर घेते. तिथे काही असेल तर ते काढून कुठे ठेवणार याचे उत्तर मिळेपर्यंत घेत नाही. साडीच्या बाबतीत ती कोणत्या दिवशी, कुठे नेसणार ते ठरवते.

आठवी गल्ली

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढून पाच आठवडे झाले, म्हणून काय केले ते कळवते.

महिन्याचा किराणा फोनवरून यादी देऊन मागवला. यादी सांगताना दोनदा मीच ‘राहू दे’ म्हणाले, तेव्हा बिंदू चौक काकांची आठवण झाली. हिशेबाची वही ताईंसारखे वेगळे खाते काढले आहे. पन्हाळ्याचा वारा ताईंच्या सांगण्यावरून यजमानांच्या पावत्यांवरही खुणा झाल्या, आणि त्यांच्या फुल्या माझ्यापेक्षा थोड्या जास्त निघाल्या. त्यांनी स्वतःच पेन्सिल घेऊन त्या मारल्या.

हातातल्या वस्तूचा प्रसंग मात्र गेल्या शनिवारी राजारामपुरीत आला. काचेची सुंदर बरणी होती आणि किंमत ३४० रुपये. मी तिची जागा डोळ्यांसमोर आणली तर ती खिडकीजवळच्या फळीवर आली, जिथे लोणच्याची चिनीमातीची बरणी आहे. ती आईने दिलेली आहे. मी काचेची बरणी परत ठेवली, पण खरे सांगायचे तर दुकानाच्या दारापर्यंत जाऊन एकदा मागे वळून पाहिले. या पाच आठवड्यांत फुल्यांचे ६२० रुपये झाले आहेत.

बिंदू चौक

फार आनंद वाटला. एक राहिले : त्या तीन डब्यांच्या संचाचे काय केलेत?

आठवी गल्ली

काका, तो आमच्या गल्लीमागच्या अंगणवाडीत दिला. एका डब्यात मुलांचे खडू आहेत आणि दुसऱ्यात मणी. तिसऱ्याचे झाकण फार घट्ट बसते म्हणून बाईंनी त्यात शेंगदाणे ठेवले आहेत.